मोहल्ल्यातला सरकारी दवाखाना सुधारायचाय? मग आधी तिथे पेशंट म्हणून जा

मागच्या महिन्यात दोन वेगवेगळ्या कॉलनीतल्या बायकांनी मला विचारलं की तुम्ही लोकांनी तो दवाखाना कसा काय सुधरवला, आम्हालाही सांगा ना, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. आधीच सांगते की आमचा दवाखाना काही चकाचक झालेला नाहीये. पण डॉक्टर येतात, बीपीची गोळी महिनाभराची मिळते, नळाला पाणी आहे आणि सकाळी दहाला दाराला कुलूप नसतं. तीन वर्षांपूर्वी यातलं एकही नव्हतं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही कारण तिथली सिस्टर आता आमच्या हळदीकुंकवाला येते आणि उगाच तिच्यावर काही यायला नको.

हे सगळं इंदूरच्या हिशोबाने लिहिलंय. ग्वाल्हेर-उज्जैनवाल्यांना बहुतेक सगळं लागू होईल कारण राज्य एकच, बडोद्याच्या लोकांनी मात्र नियम तिकडचे बघून घ्यावेत.

पायरी 1: पर्ची काढा

आपल्याकडे होतं काय की सुदामा नगर म्हणा, लोकमान्य नगर म्हणा, आपण मराठी घरातली माणसं ताप आला की सरळ प्रायव्हेटमध्ये जातो, सरकारी दवाखाना म्हणजे कामवाल्या बाईसाठी, आणि मग एक दिवस स्कूटरवरून जाताना कुलूप दिसतं आणि आपल्याला एकदम समाजसेवा आठवते. मीही तेच केलं. पहिल्याच भेटीत ऑफिसातल्या साहेबांनी मला एका वाक्यात गार केलं, "मॅडम, वहाँ तो मरीज ही नहीं आते." आणि रजिस्टर दाखवलं, खरंच दिवसाला सात-आठ नावं. आता यावर काय बोलणार? औषधाची मागणी असो की स्टाफची, वरचे लोक ओपीडीच्या रजिस्टरातला आकडाच बघतात. कुलूप आहे म्हणून पेशंट नाहीत आणि पेशंट नाहीत म्हणून कुलूप, हे असं गोल गोल चालू राहतं.

म्हणून आधी महिनाभर तिथे जा. सर्दी-खोकला, बीपी, शुगर, नातवाचं लसीकरण, जे असेल त्यासाठी. पर्ची काढायची, नाव रजिस्टरात चढलं की नाही बघायचं, पर्ची जपून ठेवायची. शेजारच्यांनाही पाठवायचं. बस्तीतल्या बायका आधीपासून जात असतात, त्यांना फक्त एवढं सांगायचं की ताई, नाव लिहवून घेतल्याशिवाय परत यायचं नाही, औषध मिळो न मिळो.

मी सासूबाईंना घेऊन गेले होते. तिथलं बीपीचं मशीन मी जन्मात विसरणार नाही. कफचं वेल्क्रो पार गेलेलं, त्यामुळे सिस्टर दंडाला कफ गुंडाळायची, वरून बँडेजच्या पट्टीने गाठ मारायची, हवा भरली की गाठ सरकायची, मग तिने एका हाताने ती गाठ दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने फुगा दाबायचा. आता स्टेथोस्कोप कोण धरणार? तर पेशंट. सासूबाईंनी स्वतःच्या कोपराच्या खळगीत ती चकती स्वतःच दाबून धरली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, अगं माझं बीपी मीच तपासलं की गं. आम्ही हसलो, पण घरी येऊन मी विचार करत बसले की हा कफ काही शे रुपयांची वस्तू, ती आणायला कोणाची सही लागते? सगळी मोहीम खरं तर त्या एका प्रश्नावरून सुरू झाली.

पायरी 2: वही घाला

200 पानी साधी वही. मोबाईलवर ठेवाल तर कोणी बघणार नाही, वही टेबलवर ठेवली की समोरचा माणूस जरा सरळ बसतो. रोज दोन जणांनी पाळीपाळीने जायचं आणि लिहायचं: तारीख, किती वाजता दार उघडलं, डॉक्टर किती वाजता आले, किती वाजता गेले, काय औषध लिहिलं आणि त्यातलं काय मिळालं, कोणाला परत पाठवलं आणि कुठे पाठवलं. मत लिहायचं नाही. "डॉक्टर बेजबाबदार आहे" असं आमच्या एका काकांनी पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं, ते पान फाडावं लागलं.

दवाखान्याची वेळ पाटीवर लिहिलेली असते, तीच धरायची, आपल्या मनाची नाही. भिंतीवर अजून काय काय असतं तेही वाचा, कोणी वाचत नाही म्हणून तिथे फार माहिती पडलेली असते: औषधांची यादी, स्टाफची नावं, लसीकरणाचे दिवस. लसींचा फ्रिज असेल तर त्यावर तापमानाचा कागद चिकटवलेला असतो, दिवसातून दोनदा भरायचा, आकडा 2 ते 8 डिग्रीच्या मधे पाहिजे. तो कागद आठ दिवस कोरा असेल किंवा सगळीकडे एकाच पेनाने 4, 4, 4, 4 लिहिलेलं असेल तर वहीत टिपून ठेवा. मागच्या अंगणात वापरलेल्या सुया, सिरिंज पडल्या असतील तर तेही लिहा. 2016 च्या नियमांप्रमाणे हा कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या अशा वेगवेगळ्या पिशव्या-डब्यांत जायला हवा आणि तो उघड्यावर जाळणं तर अजिबातच चालत नाही.

फोटो काढा पण पेशंटचे नाही. कुलूप, पाटी, तुटका बाक, रिकामी रॅक, बस. आत शिरून डॉक्टरांच्या तोंडासमोर मोबाईल धरून व्हिडिओ काढायची हौस असते काही मुलांना, त्यांना आधीच थांबवा. डॉक्टर-नर्सना संरक्षण देणारा राज्याचा 2008 चा कायदा आहे, बाचाबाची झाली तर दवाखाना राहील बाजूला आणि तुम्ही पोलीस ठाण्यात बसाल.

पायरी 3: दवाखाना आहे तरी कुठला ते बघा

आमचे यात दोन महिने वाया गेले कारण आम्ही निगमकडे, म्हणजे महापालिकेकडे, खेटे घालत होतो आणि दवाखाना होता आरोग्य विभागाचा.

शहरात साधारण हे प्रकार दिसतात. एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र. 2013 मध्ये राष्ट्रीय शहरी आरोग्य मिशन मंजूर झालं त्यात साधारण 50 हजार लोकवस्तीमागे एक असं धरलंय. दुसरं संजीवनी क्लिनिक, ते त्याहून छोटं, आणि याची सुरुवात आपल्या इंदुरातूनच झाली, 2019 च्या डिसेंबरमध्ये निपानियाला पहिलं उघडलं. तिसरे मोठे, पॉलिक्लिनिक किंवा सिव्हिल हॉस्पिटल. पाटीवर "आयुष्मान आरोग्य मंदिर" दिसलं म्हणून गोंधळू नका, 2023 पासून हेल्थ अँड वेलनेस सेंटरांचं नाव तसं केलंय, आतला दवाखाना तोच.

हे कळल्याशिवाय मागण्या लिहू नका. छोट्या क्लिनिकसाठी सोनोग्राफी मागाल तर आवेदन (अर्ज) वाचणाऱ्याला कळतं की यांना काही माहीत नाही, मग तुमची खरी मागणीही त्याच गठ्ठ्यात जाते. कुठल्या केंद्रात काय असायला हवं याचे केंद्र सरकारचे मानक आहेत, आयपीएचएस म्हणतात, शेवटचे 2022 चे, नेटवर फुकट मिळतात. सगळं वाचायची गरज नाही, आपल्या प्रकारच्या केंद्राची औषधं, तपासण्या आणि स्टाफ एवढीच पानं काढून घ्या.

पायरी 4: माणसं

इथे जरा कडू बोलते. आपल्या लोकांना समिती बनवायची फार हौस. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, लेटरहेड, आणि मग लेटरहेडवर कोणाचं नाव वर यावरून दोन महिने अबोला. आमच्याकडे हेच झालं. शेवटी लेटरहेड फाडलं आणि साध्या कागदावर "वॉर्ड के रहवासी" लिहून खाली सह्या, तेच बरं पडलं.

माणसं गोळा करायला वेगळी मीटिंग घेऊ नका, कोणी येत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येतातच, तिथे वाण दिल्यावर दहा मिनिटं बोला. गणपतीत आरतीनंतर लोक प्रसादासाठी थांबतात तेव्हा वही फिरवा. पण फक्त मराठी घरं गोळा केलीत तर काही उपयोग नाही कारण दवाखाना ज्यांना रोज लागतो ते लोक मागच्या बस्तीत राहतात आणि त्यातले निम्मे हिंदी-निमाडी बोलतात. तिथे शिरायचा रस्ता म्हणजे आशा कार्यकर्ती. शहरात एका आशाकडे साधारण 200 ते 500 घरं असतात, तिला प्रत्येक घरात कोण गरोदर आहे, कोणाला टीबीची औषधं चालू आहेत सगळं तोंडपाठ असतं. शिवाय 50 ते 100 घरांमागे एक महिला आरोग्य समिती असायला हवी, तिला वर्षाला 5,000 रुपयांचा निधी असतो. आमच्या बस्तीत ही समिती होती, कागदावर. ज्या बाईचं नाव अध्यक्ष म्हणून होतं तिला विचारलं तर ती म्हणाली, मला वाटलं ते बचतगटाचं काहीतरी होतं.

एक लक्षात ठेवा, मंगळवारी कलेक्टोरेटला चला म्हणून बस्तीतल्या बायकांना आग्रह करताना त्यांचा खाडा पडतो, तुमचा पडत नाही. आम्ही पाळी लावली, एका बाईने महिन्यातून एकदाच यायचं आणि त्या दिवशी तिच्या घरची कामं आमच्यापैकी कोणीतरी सांभाळायची. माझ्या जावेने दोन घरची भांडी घासली एकदा, अजून सांगत असते.

पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, कळवा, बोलवा, चहा पाजा, पण मोहीम त्याच्या हातात देऊ नका. आमचे भिया तसे चांगले आहेत, पण निवडणूक आली की सगळ्या बॅनरवर फोटो त्यांचाच आणि मग दुसऱ्या पार्टीची घरं हळूच मागे सरकतात.

पायरी 5: कोणाच्या हातात काय आहे

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे असं माझं मत आहे. "दवाखाना सुधारा" हे कोणाचंच काम नाही. बल्ब, नळ, पडदा, बाक, बीपीचा कफ, हे तिथल्याच मेडिकल ऑफिसरच्या आणि रोगी कल्याण समितीच्या (तिच्याबद्दल पुढच्या पायरीत) हातात, त्यासाठी भोपाळला पत्र लिहायची गरज नाही. औषधं जिल्ह्याच्या स्टोअरमधून येतात, दवाखान्यातून इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, जातो, ऑनलाईन साठा दिसतो, त्यामुळे प्रश्न असा विचारायचा की इंडेंट कधी पाठवला आणि स्टोअरने किती दिलं. फुकट औषधांची योजना राज्यात नोव्हेंबर 2012 पासून आहे, सरदार वल्लभभाई पटेलांच्या नावाची, तेव्हा "बाहेरून घ्या" ही चिठ्ठी रोजची होत असेल तर ती चिठ्ठी जपून ठेवा. डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्टची नेमणूक म्हणजे सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी) ऑफिस, त्यातला कॉन्ट्रॅक्टवरचा स्टाफ एनएचएमचा, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य मिशनचा. आणि दारासमोरचं गटार, कचरा, स्ट्रीट लाईट निगमचं, ते 311 ॲपवर टाका, खरं सांगते दोन दिवसात होतं, स्वच्छतेच्या बाबतीत या शहराला काही सांगावं लागत नाही.

आता एक शब्द पाठ करा: अटॅच. आमच्याकडे फार्मासिस्टची पोस्ट भरलेली होती, माणूस पगार घेत होता, पण दवाखान्यात कोणी कधी बघितलाच नव्हता. सिस्टरला विचारलं तर ती इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, "वो तो अटॅच हैं ना दीदी, ऑफिस में." म्हणजे नेमणूक इथे, काम दुसरीकडे. वर्षभर ती बिचारी इंजेक्शनही देत होती आणि गोळ्याही वाटत होती आणि आम्ही तिच्यावरच चिडत होतो की लाईन का लागते. तेव्हा पोस्ट रिकामी आहे की माणूस अटॅच आहे हे आधी काढा कारण रिकामी पोस्ट भरायला वर्षं जातात, अटॅचमेंट रद्द करायला एक आदेश पुरतो. आमचा फार्मासिस्ट चार महिन्यात परत आला.

आणि हो, सिस्टरशी भांडू नका. फिनाईल ती स्वतःच्या पैशाने आणत होती, हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं.

पायरी 6: रोगी कल्याण समिती शोधा

यावर जरा थांबते, कारण ही समिती म्हणजे आपल्या इंदूरचंच लेकरू आहे आणि आपल्यालाच माहीत नसतं. 1994 मध्ये सुरतेत प्लेगची भीती पसरली, तेव्हा इथे एमवाय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलची अवस्था अशी की वॉर्डांमध्ये उंदरांचं राज्य. तेव्हाचे कलेक्टर एस. आर. मोहंती यांनी अख्खं हॉस्पिटल रिकामं करायला लावलं, पेशंट दुसरीकडे हलवले, हजारोंनी उंदीर मारले, भंगार बाहेर काढलं, शहरातल्या लोकांनी वर्गणी दिली. त्यानंतर प्रश्न आला की आता हे असंच राहावं कसं, त्यातून समिती निघाली: हॉस्पिटलमध्ये गोळा होणारे पैसे सरकारी खजिन्यात न जाता तिथेच खर्च व्हावेत आणि ते कसे खर्च करायचे हे ठरवायला अधिकारी आणि शहरातले लोक एकत्र बसावेत. पुढे ते सगळ्या राज्यात गेलं आणि मग 2005 नंतर राष्ट्रीय मिशनमधून देशभर.

तर प्रत्येक केंद्रात अशी समिती असायला हवी. आता काही ठिकाणी तिलाच जन आरोग्य समिती म्हणतात. तिथे जाऊन सरळ तीन गोष्टी विचारा: सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, खात्यात किती पैसे आहेत. आमच्याकडे शेवटची बैठक कधी झाली ते कोणालाच सांगता येईना. पैसे होते. बीपीचा कफ, दोन बाक, नळाची तोटी, पंख्याचा रेग्युलेटर, एवढ्याने जो दवाखाना माणसात आला असता त्याचे पैसे खात्यात नुसते पडून होते कारण बैठक झाल्याशिवाय ठराव नाही आणि ठराव झाल्याशिवाय खर्च नाही, आणि मेडिकल ऑफिसर नवीन, तरुण पोरगी, तिला ऑडिटची भीती वाटत होती. तिला दोष देत नाही मी. आम्ही लेखी अर्ज दिला की बैठक बोलवा, त्यामुळे तिच्याही हातात कागद आला, लोकांनी मागितलं म्हणून बोलावली असं दाखवता आलं. बैठक वीस मिनिटं चालली. आठव्या दिवशी कफ आला, निळा, नवा कोरा, वेल्क्रो काढताना चर्र आवाज करणारा.

बैठकीत आपला एक माणूस सदस्य म्हणून घ्यायला सांगा. तो रिटायर्ड बँकवाला असेल तर उत्तम, हिशोबाची वही उघडली की तो सोडत नाही.

पायरी 7: आवेदन

हिंदीत लिहा आणि हिंदी येणाऱ्याकडून वाचून घ्या. तुम्ही म्हणाल आम्ही तीन पिढ्या इंदुरात, आम्हाला हिंदी शिकवतेस? पण आपल्या हिंदीत मराठी कुठून घुसते ते कळत नाही. आमचे एक काका नाशिकहून मुलाकडे राहायला आलेत, अक्षर मोत्यासारखं म्हणून आवेदन त्यांनी लिहिलं. त्यात वाक्य होतं, "पूर्व डॉक्टर साहब ने राजीनामा दिया है." क्लार्कने वाचलं, मान वर केली आणि विचारलं, "किससे राजीनामा हुआ? झगड़ा था क्या?" हिंदीत राजीनामा म्हणजे दोन पार्ट्यांचा समझोता, आपला राजीनामा म्हणजे त्यांचा इस्तीफा. तसंच शिक्षा, चेष्टा, सगळे घातक शब्द आहेत.

एक पान, एक विषय. वहीतून आकडा असा काढायचा की "दिनांक अमुक से अमुक तक 24 कार्य-दिवसों में से इतने दिन केंद्र 11 बजे तक नहीं खुला", बरोबर वहीच्या पानांची झेरॉक्स. खाली नेमकी मागणी. उदाहरण देते. आमच्याकडे कुत्रा चावला की प्रत्येकाला लाल अस्पताल, म्हणजे हुकुमचंद पॉलिक्लिनिकला पाठवायचे. रेबीजच्या लसीचे डोस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, म्हणजे चार चकरा, मजुरी करणारी बाई दुसऱ्या चकरेनंतर जातच नाही, आणि रेबीज झाला तर मग काही इलाज नाही. "कुत्र्यांचा बंदोबस्त करा आणि लस द्या" असं आम्ही आधी लिहिलं होतं, त्याचं काही झालं नाही, कुत्रे निगमकडे आणि लस आरोग्याकडे, दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मग फक्त एवढंच लिहिलं की पहिल्या डोसनंतरचे डोस आमच्या केंद्रात मिळावेत, त्यासाठी लस आणि ती टोचायला शिकवलेली सिस्टर हवी. हे एका टेबलवर होण्यासारखं काम होतं. झालं.

प्रत दोन न्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्यायचा. शिक्का नाही तर आवेदन दिलंच नाही असं समजा. "साहब बाहर गए हैं, रख दो" म्हणतात, ठेवू नका, आवक-जावकच्या टेबलवर जा.

दर मंगळवारी मोती तबेल्याला कलेक्टोरेटमध्ये जनसुनवाई असते, साधारण 11 ते 1. दहाला पोचा, पोहे खाऊनच जा कारण नंबर कधी लागेल सांगता येत नाही. तीस जणांनी घुसू नका, चार पुरे, त्यातल्या दोन बस्तीतल्या. बोलायला मिनिटभर मिळतं. आमच्या बस्तीतली एक ताई काहीच बोलली नाही, तिने फक्त मुलाची लाल अस्पतालची पर्ची पुढे केली आणि ऑटोचे किती लागले ते सांगितलं. माझं पाठ केलेलं भाषण तसंच राहिलं. मंगळवार-शुक्रवार लसीकरणाचे दिवस असतात, तेव्हा त्या दिवशी सिस्टरला बरोबर चला म्हणू नका, आम्ही म्हटलं होतं.

पायरी 8: 181

सीएम हेल्पलाईनवर फोन करा, तक्रार नंबर मेसेजने येतो. तक्रार खालच्या अधिकाऱ्यापासून सुरू होते, त्याला एल1 म्हणतात, सुटली नाही की एल2, एल3, एल4 अशी वर चढते. गंमत अशी आहे की ती बंद करायला तुम्ही "संतुष्ट" असल्याचं म्हणावं लागतं, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणूस तुम्हाला स्वतःहून फोन करतो. सोमवारी कलेक्टरसाहेबांची टीएल (टाइम लिमिट) बैठक असते, त्यात पेंडिंग तक्रारी निघतात, म्हणून शनिवारी-रविवारी फोन जास्त. "दीदी, बंद करवा दो, काम हो जाएगा." गोड बोलतील, थोडं रागावतील, एकाने तर मला माझ्या नवऱ्याचं ऑफिस कुठे आहे ते विचारलं. उत्तर एकच ठेवा: "काम हो जाए, उसी दिन बंद." फोन कधी आला, कोण बोललं, तेही वहीत.

कधी कधी वरून फोर्स क्लोज करतात, म्हणजे तुम्हाला न विचारता बंद. मग जुन्या नंबरचा उल्लेख करून नवी तक्रार. एका तक्रारीत चार विषय घातलेत तर एक सोडवून चारही बंद करतील, म्हणून विषय तितक्या तक्रारी, वेगवेगळ्या घरातून.

पायरी 9: आरटीआय

आवेदन-181 ने भागत नसेल तरच. 2005 चा कायदा, फी 10 रुपये, बीपीएल कार्ड असेल तर तीही नाही. सीएमएचओ ऑफिसच्या लोक सूचना अधिकाऱ्याच्या नावाने. "का" विचारू नका, कागद मागा. "डॉक्टर क्यों नहीं आते" याला ते उत्तर देणार नाहीत आणि कायद्याने द्यायलाही लागत नाही. त्याऐवजी: मंजूर पदं आणि भरलेली पदं यांची यादी, अटॅचमेंटच्या आदेशांच्या प्रती, मागच्या तीन महिन्यांचं हजेरी रजिस्टर, औषधांच्या इंडेंटच्या प्रती, समितीच्या बैठकांचं कार्यवृत्त आणि खात्याचा हिशोब. चुकीच्या ऑफिसला अर्ज गेला तर त्यांनीच पाच दिवसात योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. 30 दिवसात उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसात पहिलं अपील, राज्यात त्याची फी 50 रुपये, तिथेही नाही झालं तर 90 दिवसात भोपाळला राज्य सूचना आयोगाकडे दुसरं अपील, 100 रुपये. आमचं अपीलापर्यंत गेलंच नाही, अर्ज दिल्यावर बाराव्या दिवशी ऑफिसातून फोन आला की आकर मिल लो. भेटा, चहा प्या, पण कागद घेतल्याशिवाय अर्ज मागे घेऊ नका.

पायरी 10: धरणं, पेपरवाले

शेवटी ठेवलंय कारण बहुतेक लोक इथूनच सुरू करतात. डिसेंबर 2021 पासून इथे पोलीस कमिश्नर पद्धत आहे, परवानगी लेखी घ्या, जमावबंदीचं 163 कलम लागलेलं असेल (जुनं 144) तर आधी विचारा. पत्रकाराला बोलावलं तर वहीची झेरॉक्स द्या, त्याला आकडे हवे असतात. आणि बातमीत सिस्टरचं किंवा त्या तरुण डॉक्टरचं नाव येऊ देऊ नका. आमच्या वेळी आलं, "लापरवाही" असं मोठ्या अक्षरात, जिचं नाव आलं तिने दोन आठवडे आमच्याकडे बघितलं नाही आणि मला तिच्या घरी जाऊन माफी मागावी लागली.

आता सध्या आमच्याकडे लॅब टेक्निशियन अडलाय. आठवड्यातून दोनच दिवस येतो, बाकी चार दिवस दुसऱ्या दोन केंद्रांत, म्हणजे सोमवारी शुगर तपासायची असेल तर गुरुवारपर्यंत थांबा. ही पोस्ट रिकामी नाहीये, तीन केंद्रांत एकच माणूस वाटलाय, त्यामुळे अटॅचवाला उपाय इथे चालत नाही आणि बाकीच्या दोन मोहल्ल्यांशी भांडून त्याला ओढून आणणंही बरं दिसत नाही. म्हणून मी त्या दोन्हीकडच्या बायकांना फोन केलेत, तिन्ही केंद्रांच्या वह्या एकत्र करून एकच आवेदन द्यायचं ठरतंय. एका ठिकाणी वही आहे, दुसरीकडे अजून घातलेली नाही, त्यांना पायरी 1 पासून सांगायला येत्या रविवारी जातेय, सासूबाई पण येते म्हणाल्यात.